दयानिधीतून उसने दिलेले पैसे: मागायचे की सोडायचे?

घोरपडीचा पंच

सलाम मंडळी.

पुण्यातल्या, साधारण १२० घरांच्या एका ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, प्रश्न आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनानंतर दाराशी वेगळी थैली धरतात, तो दयानिधी. महिन्याला आठ-नऊ हजार जमतात. नाताळात घोंगड्या वाटून फोटो काढण्यापेक्षा अडलेल्या घराला वेळेवर पैसे द्यावेत, म्हणून तीन वर्षांपूर्वी बिनव्याजी उसने द्यायला सुरुवात झाली. कुणाला शाळेची फी, कुणाला दवाखान्याचं डिपॉझिट, एकाला रिक्षाचे थकलेले हप्ते. १४ घरांत मिळून १,८६,००० गेले, ५२,००० परत आले. बाकी १,३४,०००.

पंचकमिटीत सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, ख्रिस्ती माणसाने मागायचंच नसतं, पैसाच तो, सोडा. दुसरा म्हणतो, थैलीत धुणीभांडी करणाऱ्या विधवेचेही वीस रुपये आहेत, ते दुसऱ्याने बुडवायचे हा कुठला न्याय? तीन घरांनी पोटाला चिमटा काढून पूर्ण फेडलं, त्यांना काय सांगणार? आणि १४ पैकी पाच घरं उपासनेला यायचीच बंद झाली आहेत.

सोडायचे तर रीतसर कसे सोडतात? इथून पुढे उसने देणं बंद करावं का? "प्रार्थना करा" एवढंच उत्तर नको, ती चालू आहे.

शास्त्राभ्यासी

बायबलमधला मत्तय १८:२३-३५ हा येशूचा दाखला तुमच्या कमिटीचाच खटला आहे: राजा एका चाकराचं प्रचंड देणं सोडतो, आणि तोच चाकर आपल्या सोबत्याला त्याहून लहान देण्यासाठी तुरुंगात टाकतो. फक्त आकडे मांडून तो कुणी वाचत नाही.

एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज (मत्तय २०:२). पहिल्या चाकराचं देणं दहा हजार तालांत, म्हणजे सहा कोटी रोज. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले तर दोन लाख वर्षांची मजुरी. तरी तो म्हणतो, जरा दम धरा, सगळं फेडतो! दुसऱ्याचं देणं शंभर दिनार. त्याला प्रवचनात हमखास "क्षुल्लक रक्कम" म्हणतात, ते चूक आहे. शंभर रोज म्हणजे आजच्या सातशे रुपये रोजाने सत्तर हजार. तेवढे बुडाले तर कुणाचीही झोप उडेल. दाखल्यात नुकसान खरंच धरलेलं आहे. ते मापलंय मात्र स्वतःला सुटलेल्या रकमेशी, आणि ते प्रमाण सहा लाखांना एक असं येतं.

म्हणून "पैसाच तो" म्हणणाऱ्या तटाला सांगा, हे हलकं बोलणं झालं. सोडलेलं देणं हवेत विरत नाही, ते सोडणाऱ्याच्या खतावणीत चढतं. राजाने सोडलं ते राजाच्या तिजोरीतून गेलं. तुमच्याकडे ते थैलीतून, त्या वीस रुपयांतून जाणार. कमिटीने हे तोंडाने कबूल करावं आणि मगच सोडावं.

२७ व्या ओवीत राजाला "कळवळा" आला, तिथे मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलेलं आहे. मराठीला हे समजावून सांगावं लागत नाही, आपलंही आतडंच तुटतं. पण त्याच ओवीत लगेच दोन कृती आहेत: त्याला मोकळं केलं आणि देणं सोडलं.

दुसऱ्या तटासाठी प्रभूची प्रार्थना, येशूने शिकवलेली. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे". सोडू असं नाही, सोडले आहे. मत्तयाच्या ग्रीकमध्येही शब्द देण्याघेण्याचाच आहे. लूक ११:४ मध्ये हीच प्रार्थना आहे, तिथे पहिल्या भागात पापं आली, तरी दुसऱ्या भागात ऋणी राहिलाच. दर रविवारी ही ओळ म्हणणाऱ्या मंडळीच्या ताळेबंदात "येणे १,३४,०००" हे जरा विचित्रच दिसतं.

मागायला बंदी आहे का? नाही. बायबलमधलं अनुवाद नावाचं पुस्तक (२४:१०-११) म्हणतं, गहाण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तो आणून देईल. मागता येतं, उंबरा ओलांडता येत नाही. दाखल्यातल्या चाकराचा गुन्हाही पैसे मागण्यावर थांबत नाही, त्याने गळा धरला आणि तुरुंगात टाकलं.

देणं बंद करण्याबद्दल अनुवाद १५:९ बघा. सातव्या वर्षी कर्जं सोडायची होती, म्हणून सहाव्या वर्षी लोक हात आखडता घेणार हे नियमशास्त्राला आधीच ठाऊक होतं, आणि त्या विचारालाच तिथे दुष्ट म्हटलंय. बुडतात म्हणून द्यायचंच नाही, हा मार्ग बंद आहे.

जमाखर्च

वरच्या प्रतिसादाला +१. आता दप्तराचं.

पहिली गोष्ट, "उसने" हा शब्दच काढून टाका. मंडळी सार्वजनिक न्यासाखाली असते (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०). न्यासाचा शिलकी पैसा कुठे गुंतवायचा ते कलम ३५ सांगतं, म्हणजे बँक, सरकारी रोखे वगैरे. हातउसनं त्यात बसत नाही, आणि वर्षानुवर्षं "येणे" दिसलं की ऑडिटर बोट ठेवणारच. व्याज लावायचं तर मनातही आणू नका, विनापरवाना सावकारीचा २०१४ चा कायदा आडवा येईल. द्यायचं ते मदत म्हणून, खर्ची टाकून. उद्या कुणाला परत करावंसं वाटलं तर तो निधीला दान देईल, त्याला नेहमीची पावती मिळेल.

मागचं निस्तरताना आधी १४ घरांची यादी करा, नावांऐवजी क्रमांक घालून. क्रमांक कुणाचा ते एकाच वहीत, ती वही पाळकसाहेबांच्या कुलपात. रकाने चार: कशासाठी, किती दिले, किती आले, आज घरात कमावते किती. चौथा रकाना कुणी भरत नाही आणि अडतं तिथेच. तो भरला की वाद निम्मा मिटतो, कारण बहुतेक घरांत देण्यासारखं काही नाही हे कागदावर दिसतं.

मग अधिकार बघा. रक्कम खर्ची टाकायचा हक्क पंचकमिटीला आहे की सर्वसाधारण सभेला, ते घटनेत असतं. पुष्कळ ठिकाणी खाती वरच्या न्यासाच्या नावावर असतात, तिथे त्यांचं पत्र लागेल. ठराव एका वाक्याचा: "दयानिधीतून दिलेल्या रकमांपैकी अनुक्रमांक अमुक ते तमुक यांची येणे बाकी रु. ____ मदत समजून खर्ची टाकण्यात येत आहे." वार्षिक अहवालात फक्त एकूण आकडा.

अर्धवट सोडू नका, हे कळकळीने सांगतो. १२,००० पैकी सात माफ, पाच द्या, असं केलं की माणूस पाच हजारांचा ऋणी राहतोच, शिवाय सात हजारांच्या उपकाराखाली वाकतो. तो उपासनेला येणार नाही तो नाहीच.

ठरावानंतर चिठ्ठी. तोंडी "राहू द्या हो" म्हणून भागत नाही, कारण पुढची कमिटी येते आणि जुनी वही उघडते. मजकूर असा पुरे:

"सलाम. जून २०२३ मध्ये मंडळीने आपल्याला दिलेले रु. १२,००० ही मदत म्हणून नोंदलेली आहे. आपल्याकडून मंडळीचे काही येणे नाही. पाळक, सचिव."

खाली शास्त्रवचन घालू नका. वचन आलं की चिठ्ठीचा उपदेश होतो. माफी मिळालेल्याला उपासनेत साक्ष द्यायला उभं करू नका, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर "परमेश्वराने आपल्या मंडळीद्वारे..." असं काही नको. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं मत्तय ६:३ म्हणतं; त्यातला डावा हात म्हणजे आजचा ग्रुप ॲडमिन.

क्वार्टर गेट

कॅथलिक बाजूने थोडी भर, आणि एका मुद्द्यावर मतभेद.

आमच्याकडे दयेची १४ कामं मोजतात, सात शरीराची आणि सात आत्म्याची. शरीराच्या सातांपैकी सहा, भुकेल्याला जेवण वगैरे, मत्तय २५ मधून आली. सातवं, मेलेल्याला माती देणं, कॅथलिक बायबलमधल्या तोबीतच्या पुस्तकावरून. आत्म्याच्या सातांत अपराधांची क्षमा आहे, तशीच चुकणाऱ्याला समज देणंही आहे. दोन्ही एकाच यादीत! म्हणून बाकी असलेल्या सगळ्या घरांना सरसकट एकच चिठ्ठी मला पटत नाही. रिक्षावाल्याची रिक्षा रोज रस्त्यावर असेल, हप्ते फिटले असतील आणि तरी तो टाळत असेल, तर त्याच्याशी बोलायला हवं. मत्तय १८:१५ काढा, तुमच्या दाखल्याच्या आठच ओव्या आधी: प्रथम एकट्याने, चारचौघांत नाही. बोलून झाल्यावरही त्याने दिलं नाही तर खर्ची टाका, पण बोलणं चुकवू नका. न बोलता सोडलेलं पुष्कळदा भिडेपोटी सोडलेलं असतं.

समज द्यायची तर एकट्याने जावं, मदत द्यायला मात्र दोघांनी. १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी काढली, तिची माणसं आजही जोडीने घरी जातात. एक बोलतो तेव्हा दुसऱ्याला घर दिसतं: गॅस संपलाय, पोरगं शाळेच्या वेळी घरी आहे, औषधाच्या पट्ट्या अर्ध्या कापून आणल्यात. पैशाबद्दल उद्या कुणी संशय घेतला तर साक्षीदारही असतो. जोडीत एक बाई हवीच.

गरिबाला कर्ज देणं हीच दया, असाही प्रयोग झालेला आहे. १४६२ मध्ये इटलीत पेरुजाला फ्रान्सिस्कन संन्याशांच्या पुढाकाराने तारण ठेवून स्वस्त कर्ज देणारी पेढी निघाली. असल्या पेढ्यांना "दयेची रास" अशा अर्थाचं नाव होतं. खर्चापुरती रक्कम घेणं हे व्याज की नाही, यावर धर्मपंडित भांडत राहिले. शेवटी १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने, खर्च भागण्यापुरतं घेतलं तर चालेल, असा निवाडा दिला. पण त्याला कारकून लागतो, गोदाम लागतं, तारणाचा लिलाव करायची तयारी लागते. १२० घरांच्या मंडळीने, जिथे ऋणको आणि वसुली करणारा एकाच बाकावर बसतात, त्या वाटेला जाऊ नये.

केसपेपर

कर्जमाफीवर इतकं बोललात, पण दवाखान्याच्या डिपॉझिटला गेलेले पैसे मुळात जायला हवे होते का, हे कुणी विचारलं नाही.

दवाखान्यासाठी मागणी आली की थैलीला हात लावण्याआधी, पहिल्याच दिवशी, रुग्ण घरी यायच्या आत हे करा. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते बघा. असेल तर तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं. शिधापत्रिका आणि आधार घेऊन दाखल होतानाच तिथे जायचं. डिस्चार्जच्या दिवशी गेलात तर बिल भरून झालेलं असतं आणि ते परत मिळवणं फार जड जातं.

योजनेत नसेल तर ते धर्मादाय रुग्णालय आहे का विचारा. न्यास कायद्याच्या कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीचा रुग्ण तर दाखल करून स्थिर करावाच लागतो. तिथल्या समाजसेवकाला भेटा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका द्या. खाट नाही म्हणाले तर लेखी मागा आणि धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात जा. बहुतेक वेळा "लेखी द्या" म्हटलं की सूर बदलतो. महापालिका हद्दीतल्यांसाठी शहरी गरीब योजना आहे, तिचं कार्ड आजारी पडण्याआधीच काढून ठेवायचं. ससूनला समाजसेवा अधीक्षकांचं कार्यालय आहे, तिथे दोन तास बसायची तयारी ठेवा.

आणि हे दोन तास बसणं, रांगेत उभं राहणं, अर्ज भरून देणं हीच तुमच्या मंडळीची खरी मदत. रुग्णाजवळ एकटी बाई असते, ती खाट सोडून जाऊ शकत नाही. तरुण संघातले दोघं पाळीपाळीने तिथे राहिले तर दहा हजार वाचतात. लूक १० मधला शोमरोनी, वाटेत लुटलेल्या जखमी परक्याला मदत करणारा, दोन दिनार देतो ते दुसऱ्या दिवशी. आधी तेल-द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, रात्रभर सांभाळतो. पैसेही जखमीच्या हातात देत नाही, उतारशाळेच्या मालकाला देतो, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो. आजच्या भाषेत थेट पेमेंट आणि पुढची फेरी ठरलेली.

येरवड्याहून

अवांतर, पण दयेचंच. जामीन मंजूर होऊन केवळ पैशांअभावी आत राहिलेले कच्चे कैदी असतात. २०२३ मध्ये आलेल्या केंद्रीय योजनेत अशांना जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्यांना दंडासाठी मदत आहे, काही गंभीर कायद्यांखालचे गुन्हे वगळून (सुरुवातीची मर्यादा ४०,००० आणि २५,००० होती). अर्जाची वाट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून, शिवाजीनगर न्यायालयात. घरच्यांना हे माहीतच नसतं. तेवढं कळवायला थैली लागत नाही.

घोरपडीचा पंच

सगळ्यांचे आभार. यादीचे चार रकाने या रविवारीच भरतो. तीन शंका उरल्या. फेडलेल्या तीन घरांचं काय? एका घरी नवरा पितो, बाई दर तीन महिन्यांनी येते, तिचं काय? आणि नवी पद्धत आकड्यांत कशी बसवायची?

जमाखर्च

आकडे आधी. महिन्याला साडेआठ हजार म्हणजे वर्षाला सुमारे लाख. २५,००० बाजूला ठेवा, जूनची फी आणि अचानक आलेलं मयत यांसाठी. उरलेल्यातून एका घराला एका वेळी ६,००० पर्यंत. तीन जणांनी ४८ तासांत निर्णय द्यायचा, कारण उशिरा आलेली मदत सावकाराचं व्याज भरण्यातच जाते. त्या तिघांत मागणाऱ्याचा नातेवाईक, घरमालक किंवा मागणारी बाई जिच्याकडे कामाला जाते ती मालकीण नको. एक जण असा घ्या ज्याने पूर्वी मदत घेतलेली आहे. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वाटपात वगळल्याची तक्रार आली, तेव्हा निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. तक्रार करणाऱ्यांकडेच ताट दिलं!

पैसे शाळेच्या, मेडिकलच्या, घरमालकाच्या खात्यात. रोख नाही. नवरा पितो त्या बाईच्या घरी तर अजिबात नाही, संध्याकाळपर्यंत ते गुत्त्यावर जातील. तिच्यासाठी किराणा दुकानात महिन्याची ठरलेली रक्कम भरा: तांदूळ, गव्हाचं पीठ, तूरडाळ, तेल, साखर, दुकानदाराकडे लिहून. दर तीन महिन्यांनी तिला हात पसरायला लावण्यापेक्षा सहा महिन्यांचं एकदम ठरवा आणि त्या काळात कामाचं बघा. केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या बायका-मुलींना नुसतं जेवू घातलं नाही, छापखाना आणि विणकाम हाती दिलं. नवरा पितो म्हणून बाईची मदत थांबवू नका. दुसऱ्याच्या पापाची शिक्षा तिला कशाला.

शास्त्राभ्यासी

फेडलेली तीन घरं. पैसे परत करू नका, तो त्यांचा अपमान होईल. मत्तय २० मधले सकाळपासून राबलेले मजूर कुरकुरले, कारण शेवटी आलेल्यांना आपल्याइतकंच मिळताना त्यांनी समोर उभं राहून बघितलं. तुमच्याकडे ही तीन घरं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकतील, आणि तेच जास्त झोंबतं. म्हणून ठराव व्हायच्या आधी पाळकसाहेबांनी स्वतः जाऊन सांगावं: बाकीच्यांचं सोडतोय, तुम्ही दिलेल्या पैशांतून आणखी घरं उभी राहिली, त्यांची नावं सांगता येणार नाहीत. त्यातल्या एकाला तिघांच्या समितीवर बसा म्हणून विचारा. नाही म्हणाले तर आग्रह नको.

न येणाऱ्या पाच घरांना चिठ्ठी पोस्टाने पाठवू नका, रविवारीही नेऊ नका. मंगळवार-बुधवारी संध्याकाळी सातनंतर जा, कामावरून माणूस आलेला असतो. चिठ्ठी पाकिटात, पाकीट बंद. देऊन झालं की चहा घ्या, पोराची शाळा विचारा, उठा. "मग येता ना रविवारी?" हे त्या दिवशी विचारायचं नाही.